तेविसावा रकाना

मित्रांनो, मी एक जुना टेबल पंखा आहे, आणि यंत्रांच्या बुद्धिबळाचा इतिहास जेव्हा कधी लिहिला जाईल, तेव्हा त्यात माझ्या नावाचं एक स्वतंत्र प्रकरण घालावं लागेल. घोडा कसा चालतो हे मला माहीत नाही. उंट तिरका जातो एवढं ऐकून आहे. पण इतिहासात नाव जायला विषयाची माहिती लागते, अशी अट कुणी कधी घातल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तुम्ही शाळेत फाटक्या पुस्तकांची, जुन्या छत्र्यांची आणि पडक्या पुलांची आत्मवृत्तं वाचली असतील. ही मंडळी शेवटी हमखास रडतात. मी रडणार नाही. एक तर तो माझा स्वभाव नाही, आणि दुसरं म्हणजे माझ्या अंगात पाणी गेलं की घरातला फ्यूज उडतो. मला फक्त माझी बाजू मांडायची आहे. एका भल्या माणसानं माझ्या तोंडावर माझा उल्लेख 'बाहेरची मदत' असा केला होता. मी तेव्हा गप्प बसलो नव्हतो, घरघरत होतो, पण माझी घरघर कुणी लिहून घेत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे दिवसाला माझ्यासारखे चारशे जन्मत, त्यामुळे कुणाच्याच जन्माचं कौतुक नव्हतं. तीन पाती, एक मोटर, पुढे तारांची जाळी आणि तळाशी चार बटणं: शून्य, एक, दोन, तीन. तपासनिसानं मला दहा सेकंद चालवून पाहिलं आणि माझ्या बुडाला 'पास' असा कागद चिकटवला. माझी अशी ही एकमेव मोजणी झाली, आणि तिच्यात मी उत्तीर्ण आहे. तो कागद अजून आहे. ज्याला शंका असेल त्यानं मला उलटं करून पाहावं.

मला विकत घेतलं आप्पांनी. आप्पा शिंपी. दुकान एवढंसं, त्यात दोन मशिनं, एक लांब टेबल आणि मी. आप्पा कापड कापायला बसले की मला बंद करत, कारण कागदी नमुने उडत. इस्त्री सुरू झाली की मी सुरू. असं आमचं बारा वर्षं सुरळीत चाललं होतं. मग एकदा इस्त्री टेबलावरून घसरली ती माझ्या बटणांवर. तेव्हापासून माझं तीन नंबरचं बटण आत अडकलं ते आजतागायत बाहेर आलेलं नाही. म्हणजे मला दोनच गोष्टी येतात: पूर्ण जोरानं चालणं आणि प्लग काढल्यावर थांबणं. मधलं काही जमत नाही. लोक याला बिघाड म्हणतात. मी याला बाणा म्हणतो.

त्या दुकानात मी एक गोष्ट शिकलो. आप्पा कमरेला टेप लावत तेव्हा गिऱ्हाईक हटकून पोट आत घेई. जाडे घेत, बारीकही घेत. त्या मापानं पँट शिवली की आठ दिवसांत गिऱ्हाईक परत यायचं, हातात पँट आणि तोंडात शिंप्याचा उद्धार. म्हणून आप्पा टेप तसाच धरून विचारत, "काय, घरी सगळे बरे ना?" माणूस उत्तर द्यायला तोंड उघडी, श्वास सुटे, पोट मूळ जागी येई, आणि आप्पा तेवढ्यात आकडा वाचत. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मात्र ते सरळच सांगत, "पोट सोडा."

पुढे आप्पांची नजर अधू झाली, दुकान बंद झालं, आणि मला कोटाच्या जुन्या अस्तरात गुंडाळून माळ्यावर टाकण्यात आलं. दीड वर्ष मी तिथे होतो. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर या दीड वर्षावर त्यानं चार पानं लिहिली असती. मी एकच वाक्य लिहितो: त्या दीड वर्षात त्या घरातल्या प्रत्येकाला उकडलं, आणि ते बरोबरच झालं.

मला खाली आणलं ते आप्पांच्या मुलीनं. तिला सगळी आळी ताई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ताईनं चांगली नोकरी सोडून तीन वर्षं एकच काम केलं होतं: बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिणं. असा प्रोग्राम पटावरच्या एकेका मांडणीकडे पाहून 'मी असं केलं तर समोरचा काय करील' एवढंच विचारत राहतो. एका सेकंदात तो किती मांडण्या तपासतो, हा त्याचा वेग. ताईच्या प्रोग्रामचा वेग होता सेकंदाला बारा लाख. मग तिनं आठ प्रोसेसर असलेला नवा संगणक आणला. आठ जणांनी मिळून मांडण्या तपासायच्या. पेटीच्या एका बाजूचा पत्रा तिनं काढून ठेवला होता, कारण तो लावायचे स्क्रू आणायच्या दिवशीच हरवले.

त्या खोलीत आमची मांडणी अशी होती: खिडकीशी आप्पांची खुर्ची, भिंतीशी ताईचं टेबल, टेबलाच्या टोकाला उघड्या पेटीचा संगणक आणि मधल्या स्टुलावर मी. माझा प्लग आणि संगणकाचा प्लग एकाच बोर्डावर. बोर्डाचं बटण एकच. म्हणजे संगणक चालू तर मी चालू. प्लग ओढून मला बंद करायची कुणाची छाती नव्हती, कारण चुकून दुसरा ओढला गेला तर ताईचं दिवसभराचं काम पाण्यात.

पहिल्या दिवशी ताईनं आठ प्रोसेसरांचा वेग मोजला. उत्तर आलं साडेदहा लाख. एकट्यानं केलेल्या कामापेक्षाही कमी. ती डोकं धरून बसली.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"आठ जण मिळून एकापेक्षा हळू चालतायत."

"वेळ कशावर मोजलास?"

"प्रत्येक प्रोसेसर आपण किती वेळ राबलो ते सांगतो. त्याची बेरीज केली."

आप्पा गुंडी लावत होते; दोरा उडू नये म्हणून मला त्यांनी संगणकाकडे वळवलं होतं. दोरा दातानं तोडून म्हणाले, "आठ कारागीर एकेक तास बसले आणि एक कोट शिवून झाला. गिऱ्हाईक बाहेर किती वेळ ताटकळलं?"

"एक तास."

"मग तू आठ तास कुणाचे लिहितेस?"

ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बेरीज खोडली आणि घड्याळाच्या वेळेनं भागलं. चौऱ्याऐंशी लाख. बरोबर सातपट. त्या दिवशी तिनं आप्पांना दोन वेळा चहा करून दिला. मला कुणी काही दिलं नाही. हे मी नुसतं नोंदवून ठेवतो, तक्रार नाही.

ताई मोजमापाच्या बाबतीत अतिशय काटेकोर बाई. आठ प्रोसेसर एकत्र काम करतात तेव्हा दोनदा एकाच वाटेनं जात नाहीत, म्हणून एकदा मोजून भागत नाही. ती तीस वेळा मोजायची, एकेक मिनिट, आणि मग सरासरी काढायची. त्यासाठी तिनं एक वही केली होती. तिला बावीस रकाने. तारीख, वेळ, प्रोग्रामची आवृत्ती, कुठली मांडणी, किती प्रोसेसर, किती मेमरी, इंटरनेट चालू की बंद. एका रकान्यात तर ती 'शेजारची पाण्याची मोटर चालू होती का' हेही लिहायची. खोलीत तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर पूर्ण जोरानं एक पंखा फिरतो आहे, याला रकाना नव्हता.

आणि इथेच खरी गोम होती. सकाळी आप्पा बागेतल्या बाकावर मित्रांशी भांडायला जात. ते गेले की माझ्या वाऱ्यानं ताईचे कागद उडत, म्हणून ती मला जिथे कागद नव्हते तिकडे वळवी. कागद फक्त संगणकाच्या बाजूला नव्हते. दुपारी आप्पा परत येत, खुर्चीत टेकत आणि मला आपल्याकडे ओढून घेत. सकाळी वेग चौऱ्याऐंशी लाख. दुपारी एकोणसत्तर लाख, म्हणजे पावणेसहापट. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी हळू होतो, हे ताईला पुस्तकातून पाठ होतं. पण एकटा प्रोसेसर काम करी तेव्हा फारसा तापत नसे, सकाळ असो की दुपार, बारा लाख म्हणजे बारा लाख. त्यामुळे तिला उष्णतेचा संशय आला नाही. प्रोग्राममध्येच आठ जणांचे एकमेकांच्या पायात पाय अडकतात, असं तिनं धरलं आणि तीन आठवडे तो गुंता शोधला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फरक इतकाच, की हा कळसा घरघरत होता.

शेवटी कंटाळून तिनं एक निर्णय घेतला. मला ती प्रिय आहे, तरी मी तो लपवणार नाही. सकाळचे आकडे खरे आणि दुपारचे बिघडलेले, असं तिनं ठरवून टाकलं. वहीतल्या दुपारच्या ओळींवर बारीक रेघ मारली, आणि यंत्रांच्या बुद्धिबळ स्पर्धेच्या अर्जात लिहिलं: आठ प्रोसेसरांवर वेग सातपट.

मित्रांनो, यालाच पोट आत घेणं म्हणतात.

अर्जातले आकडे यादीत छापून आले. ताईच्या जुन्या ऑफिसात एक सहकारी होता. 'किती वाजले' या प्रश्नालाही तो दशांश चिन्ह वापरून उत्तर देई, म्हणून त्याचं नाव दशांश पडलं होतं. त्यानं स्पर्धेच्या मंडळाला पत्र धाडलं: "सातपट हा आकडा म्हणजे निव्वळ हवा आहे." या वाक्यात त्याला वाटत होतं त्याहून जास्त तथ्य होतं. मंडळानं निरीक्षक पाठवायचं ठरवलं. प्रत्यक्ष मोजलेला वेग लिहून दिलेल्या वेगापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी भरला, तर नाव बाद. तीन वर्षांचं काम बाद, आणि वर 'खोटा आकडा दिला' हा शिक्का. ताईला स्पर्धेपेक्षा त्या शिक्क्याची धास्ती होती. शिंप्याची पोर. खोट्या मापाला त्या घरात शिवीइतकाच मान होता.

निरीक्षक सकाळी अकराला यायचे होते. आले दुपारी अडीचला. अंगानं भरलेले, घामाघूम.

"तीन मजले, आणि लिफ्ट नाही," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"नाही कशी, आहे की," आप्पा म्हणाले. "बंद आहे."

आणि मग आप्पांनी, कुठल्याही सभ्य माणसानं केलं असतं तेच केलं. स्वतःला उकडत असताना मला उचलून पाहुण्यांकडे वळवलं.

निरीक्षकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "मी यंत्राच्या घड्याळावर विश्वास ठेवत नाही. राग मानू नका."

"मीही नाही ठेवत," ताई म्हणाली.

आधी एका प्रोसेसरवर मोजणी झाली. बारा लाख. मग आठांवर, एकेक मिनिटाच्या दहा फेऱ्या. मी निरीक्षकांचा शर्ट वाळवत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं आणि ताईच्या चेहऱ्यावरून उतरत होतं. सरासरी आली एकोणसत्तर लाख.

"पावणेसहा," निरीक्षक म्हणाले.

"पुन्हा एकदा लावू?"

"लावा. माझी हरकत नाही. इथे वारा छान आहे."

पुन्हा एकोणसत्तर. निरीक्षक म्हणाले, "मी जरा तोंड धुऊन येतो, तोवर तिसऱ्यांदा लावा. तीनच्या वर संधी नाही." ते आत गेले. ताईनं फेऱ्या सुरू केल्या आणि डोळे मिटून बसली. आप्पा उठले. त्यांची नजर अधू होती, पण हात शाबूत होते. आयुष्यभर इस्त्रीजवळ वावरलेल्या माणसाला न शिवता ऊन कळतं. त्यांनी उघड्या पेटीपाशी तळवा नेला.

"अगं, याला तर ताप आहे," ते म्हणाले, आणि मला संगणकाकडे वळवलं.

मी वारा घातला. तीन नंबरवर. मला दुसरं येतच नाही.

निरीक्षक आले, खुर्चीत बसले, दोन मिनिटांनी कॉलर ओढत म्हणाले, "वारा कुठे गेला?"

ताईनं डोळे उघडले. पडद्यावर आकडा चढत चालला होता. ऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. तिनं पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग वहीतल्या दुपारच्या ओळींवरच्या त्या बारीक रेघांकडे. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे नीट पाहत होती, आणि ते पाहणं काही कौतुकाचं नव्हतं.

"चौऱ्याऐंशी," निरीक्षक खूश होऊन म्हणाले. "मग मघाशी काय झालं होतं? यंत्रात मागे दुसरं काही चालू राहिलं होतं का?"

उत्तर त्यांनी स्वतःच तयार करून हातात दिलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ताईनं श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. तेव्हा खिडकीपाशी उभे राहून आप्पा अगदी हळू म्हणाले, "पोट सोड."

निरीक्षकांनी चमकून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ताईचा श्वास सुटला.

"पंखा, सर," ती म्हणाली. "मघाशी पंखा तुमच्याकडे होता. आता याच्याकडे आहे. सातपटीचे माझे सगळे आकडे पंखा याच्याकडे असतानाचे आहेत. मला आत्ता कळलं."

निरीक्षकांनी वाकून माझं अडकलेलं बटण दाबून पाहिलं. मग ते वाक्य बोलले. "म्हणजे ही बाहेरची मदत झाली."

मित्रांनो, इथे माझं म्हणणं नोंदवून घ्या. मी प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही. मी एकही मांडणी तपासली नाही. कुणाच्या कानात चाल सांगितली नाही. मी वारा घातला. आप्पांना घातला, निरीक्षकांना घातला, संगणकाला घातला, प्रत्येकाला तीन नंबरनंच. चूक केली असेल तर ती मला न लिहिणाऱ्यानं केली. पुसून टाकण्याजोगी एकही गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही, धुळीचा अपवाद सोडला तर.

आप्पा माझी बाजू घेतील असं वाटलं नव्हतं, पण ते बोलले. "साहेब, तुम्हीही आलात तेव्हा तापलेले होता. वारा घेतल्यावर तुमचा हिशेब भराभर व्हायला लागला. ती बाहेरची मदत धरायची का?"

निरीक्षकांनी घसा साफ केला. मनानं चांगला माणूस. ते ताईला म्हणाले, "हे बघा, मी ठरल्याप्रमाणे अकराला आलो असतो तर सातपट लिहून गेलो असतो. उशीर माझ्याकडून झाला. मघाचं मी पाहिलंच नाही, असं समजू."

"मग तुम्ही आलात कशाला?" ताई म्हणाली.

"अहो, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. पावणेसहा लिहिलं तर नाव बाद होतं."

"होऊ दे. पावणेसहा लिहा. खाली लिहा, पंखा यंत्राकडे असताना सातपट. आणि पंख्याचं वर्णन लिहा."

"फॉर्ममध्ये रकाना एकच आहे."

"मग वाढवा. माझ्याही वहीत नव्हता. त्याचेच भोग आहेत हे."

निरीक्षकांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटली. मग सहीसाठी पेन काढलं, कागदावर टेकवलं, उचललं, झटकलं. "हे पेन जरा त्रास देतंय," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "निरीक्षकाची सही होण्याआधी अर्जदाराला आपला आकडा सुधारता येतो, असं इथे कलम आहे. पेन सुरू होईपर्यंत तुम्हाला काही सुधारायचं असेल तर बघा."

ताईनं अर्जातलं 'सातपट' खोडलं आणि 'पावणेसहापट' लिहिलं. पेन लगेच सुरू झालं. नाव राहिलं. समासात निरीक्षकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'टेबल पंखा, एक, जुना, बटण तीनवर अडकलेलं, यंत्राकडे असता सातपट.' कारखान्यातल्या त्या 'पास' नंतर माझ्याबद्दल कुणी काही लेखी दिलं ते हे पहिलंच.

त्या संध्याकाळी ताईनं वहीतल्या रेघा खोडरबरानं पुसल्या. दुपारच्या ओळी परत मोकळ्या झाल्या. मग पट्टी घेऊन तिनं तेविसावा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: पंखा.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी मागायचं असतं. मी याचना करणार नाही, बजावून सांगणार आहे. मोजायला बसाल तेव्हा आधी खोलीत कोण कोण आहे ते लिहा. आवडलेला आकडा ज्या कष्टानं जपता, त्याच कष्टानं नावडता जपा. गिऱ्हाईक दाराबाहेर थांबतं तो वेळ खरा. आणि वर्षातून दोनदा माझ्या मोटरीत तेलाचे दोन थेंब टाका. ते मी उपकार म्हणून घेणार नाही.

स्पर्धेची अंतिम यादी वेगाच्या क्रमानं छापून आली तेव्हा ताईचं नाव तळापासून दुसरं होतं. समासातला मजकूर जागेअभावी गाळला होता. स्पर्धेला मी गेलो नाही, आप्पांना उकडत होतं. ताईनं परत येऊन त्यांना सगळं सांगितलं, म्हणून मला माहीत. स्पर्धेच्या हॉलमध्ये एसी होता. कुणाचंच यंत्र तापलं नाही. ताईचा प्रोग्राम पहिल्या फेरीत सेकंदाला चौऱ्याऐंशी लाख मांडण्या तपासत, म्हणजे पुरत्या सातपट वेगानं धावला, आणि एकोणतिसाव्या चालीला हरला.

समोरच्या यंत्रात प्रोसेसर दोन होते.